पोर्तुगीज लोकांशी धंदा: जर्मन टिपण तिथे चालत नाही

साचेबंद (चाकण)

आमच्या कंपनीत ‘युरोपियन पुरवठादारांशी कसं वागावं’ असं एक टिपण फिरतं. ते मुळात जर्मन लोकांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं आहे. वेळेवर या, थेट मुद्द्याला हात घाला, पहिल्याच बैठकीत किंमत आणि मुदत ठरवून मोकळे व्हा. नवीन पोरं तेच पाठ करून पोर्तुगालला फोन लावतात आणि मग ‘ते लोक प्रतिसादच देत नाहीत’ म्हणून माझ्याकडे येतात. आमचे प्लास्टिकच्या भागांचे बरेच मोल्ड (साचे) मारिन्या ग्रांदहून येतात, त्यामुळे तिकडे माझं नेहमी जाणं-येणं असतं. म्हणून हा धागा. कापड, बूट, बुचं, आयटी, ज्यांचा ज्या धंद्यातून संबंध येतो त्यांनी भर घालावी. (पोर्तुगीजमधून मराठीत आलेल्या पाव-पगार-साबण-चावी या शब्दांची यादी कृपया नको. तिच्यावर धाग्यांचा ढीग पडलाय.)

मारिन्या ग्रांद हे मुळात काचेचं गाव. अठराव्या शतकापासून तिथे काचकारखाने. बाटल्यांचे साचे करणारे तिथले कारागीर १९४० च्या दशकात प्लास्टिकच्या साच्यांकडे वळले. आता तिथे आणि वर उत्तरेला ओलिवैरा द अझमैशला मिळून टूलरूमच टूलरूम (साचे बनवणारे कारखाने) आहेत. यातल्या पुष्कळ घरच्या कंपन्या. संस्थापक आजोबा अजून सकाळी मशिनींमधून चक्कर मारतात, मुलगी निर्यात बघते, जावई डिझाइनला. तुमचा सगळा पत्रव्यवहार मुलीशी चालतो, पण तारीख पुढे-मागे करायची वेळ आली की आजोबांनी मान हलवल्याशिवाय काही होत नाही. तेव्हा तिथे गेल्यावर आजोबांना भेटायचं, मशिनी बघायच्या, त्यांनी दाखवलेला जुना काचेचा साचा हातात घ्यायचा. याला वेळ वाया जाणं म्हणू नका. बैठक तिथूनच सुरू झालेली असते.

हाक मारण्याचं प्रकरण आपल्या माणसांना सगळ्यात जड जातं. पदवी घेतलेला कोणीही माणूस तिथे ‘दोतोर’. त्यासाठी पीएचडी लागत नाही, वैद्यही असावं लागत नाही. इंजिनिअर असेल तर ‘एंजन्यैरू’, आर्किटेक्ट असेल तर ‘आर्किटेतू’. बाईमाणूस असेल आणि पदवी ठाऊक नसेल तर पहिल्या नावामागे ‘दोना’. हे फक्त व्हिजिटिंग कार्डावर नसतं, फोनवर, दारात, कॉफीच्या मशिनपाशीसुद्धा असतं. संयुक्त राष्ट्रांचे महासचिव म्हणून २०१६ साली निवडून गेलेले गुतेरेस लिस्बनच्या तांत्रिक संस्थेतून शिकलेले, म्हणून पंतप्रधान असतानाही तिथल्या लोकांच्या तोंडी ‘एंजन्यैरू गुतेरेस’च. आणि २००७ साली पंतप्रधान सोक्रातेश यांची इंजिनिअरची पदवी नीट मिळवलेली आहे का यावर मोठं वादळ उठलं होतं. एका हाकेवरून! यावरून काय ते समजा.

‘हाय मारिया’ म्हणून पहिली मेल टाकणारा माणूस त्यांना मोकळाढाकळा वाटत नाही, वळण नसलेला वाटतो. एकदा तुम्ही मान दिलात की पुढचं अंतर ते स्वतःहून कमी करतात, आणि ते इतकं कमी होतं की तुमच्या मुलाच्या दहावीचे मार्क विचारतात.

आता सहीचं. ‘लिमितादा’ म्हणजे आपल्या प्रायव्हेट लिमिटेडसारख्या कंपनीत कायद्याने कारभार पाहणाऱ्याला ‘जरेंत’ म्हणतात. आपल्याकडची मंडळी कार्ड बघून ‘अच्छा, मॅनेजर दिसतोय’ म्हणतात आणि त्याच्या डोक्यावरचा साहेब शोधत बसतात. अहो, तोच साहेब आहे. मोठ्या ‘एस. ए.’ कंपनीत तोच मान ‘आद्मिनिश्त्रादोर’चा. उलट ‘दिरेतोर’ असं भारदस्त छापलेल्या गृहस्थाला एकट्याने सही करायचा अधिकार असेलच असं नाही. कंपनीला ‘सर्तिदांव पर्मानेंत’चा आकडा मागायचा. तो ऑनलाइन टाकला की कंपनीची नोंदणी दिसते आणि किती जणांच्या, कोणाच्या सहीने कंपनी बांधली जाते हेही दिसतं. हा आकडा मागणं उद्धटपणा नाही, ते एकमेकांकडेही मागतात.

जेवणाबद्दल लिहायचं आहे, पण आधी तुम्ही बोला.

तेजोकाठ (लिस्बन)

साचेबंद, तुमचं सगळं साच्यांच्या गावापुरतं खरं असेल हो. मी लिस्बनमध्ये सॉफ्टवेअर कंपनीत आहे. आमच्याकडे सीईओला पहिल्या नावाने आणि एकेरीत हाक मारतात. वेब समिट २०१६ मध्ये इथे आलं तेव्हापासून तर निम्मं शहर टी-शर्टात बैठका घेतं. ‘दोतोर’ म्हटलं तर माझे सहकारी हसतील.

पण एक कबूल करतो. हाच टी-शर्टवाला सीईओ बँकेत किंवा सरकारी ग्राहकाकडे सादरीकरणाला जातो तेव्हा मेलच्या सुरुवातीला अगदी ‘एश्म. सिन्योर दोतोर’ लिहितो. तेव्हा सोपा उपाय असा: समोरचा तुम्हाला कसा लिहितो ते बघा आणि त्याच्यापेक्षा कधीही एक पायरी मोकळं होऊ नका.

आणखी एक. भारतातल्या टीमला रात्री ‘जस्ट एक मिनिट’ म्हणून फोन करायची सवय असते. इथे २०२१ चा ८३ क्रमांकाचा कायदा आहे, २०२२ च्या १ जानेवारीपासून लागू. कामाच्या वेळेबाहेर कर्मचाऱ्याला त्रास द्यायचा नाही ही जबाबदारी मालकावर टाकलेली आहे, अपवाद फक्त अगदी अडचणीच्या प्रसंगाचा. तुम्ही परदेशी ग्राहक असाल तर तुम्हाला थेट लागू होत नाही, पण तुमच्या फोनने तिथला मॅनेजर कात्रीत सापडतो. हिवाळ्यात त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपले दुपारचे अडीच, उन्हाळ्यात दीड. एक वाजता ते जेवायला उठतात. तेव्हा आपले हिवाळ्यातले अडीच ते साडेसहा ही खरी खिडकी. आणि पोर्तुगालचं घड्याळ स्पेन-जर्मनीच्या एक तास मागे असतं, हे कॅलेंडरात बैठक टाकताना अर्ध्या युरोपाच्या लक्षात राहत नाही.

खवचट_खान

म्हणजे ‘युरोप टाइम’ म्हणून एकच घड्याळ हापिसात टांगणाऱ्यांचे वांधे.

सूतकताई (इचलकरंजी)

आम्ही गिमारैंश आणि आसपासच्या गिरण्यांना सूत विकतो. टॉवेल-चादरींचा मोठा पट्टा आहे तो, आपल्या सोलापूरकरांचे थेट प्रतिस्पर्धी. त्यामुळे माझा अनुभव विकणाऱ्याचा, साचेबंद यांचा घेणाऱ्याचा. टेबलाची बाजू बदलली की चव बदलते.

पैशाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. माणसं सच्ची, पण पैसे उशिरा. युरोपीय संघाचा २०११ चा उशिराच्या देयकांबद्दलचा नियम आहे, कंपन्या-कंपन्यांमध्ये सहसा ६० दिवसांपेक्षा जास्त मुदत नको, वेगळं स्पष्ट ठरवलं असेल तरच. कागदावर सगळं ठीक. प्रत्यक्षात ६० व्या दिवशी मेल टाकली की उत्तर येतं ‘पुढच्या आठवड्यात’. अशा वेळी एकदम वकिलाची नोटीस पाठवायची नाही. तिथे तो संबंध तोडण्याचा इशारा समजला जातो आणि मग खरंच ६० चे १५० होतात. फोन उचलायचा. हिशेब बघणाऱ्या बाईंशी बोलायचं, मालकाशी नव्हे. त्यांना आधी ‘बों दिया’ (सुप्रभात), तब्येत, पाऊस, मग बिल. देयकांची यादी त्याच करतात, मालक फक्त खाली सही मारतो. आणि नवीन ग्राहकाच्या मालाला ईसीजीसीचा (निर्यातीचे पैसे बुडाले तर भरपाई देणाऱ्या सरकारी कंपनीचा) विमा काढायचा, यात मैत्रीचा काही संबंध नाही.

आकड्यांत दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब. १.२५० किलो लिहिलं असेल तर ते सव्वा किलो नाही. आणि बिलावर त्यांचा कर क्रमांक हवाच. तिकडे भाजी घेतली तरी गल्ल्यावर विचारतात, ‘क्रमांक टाकू का बिलावर?’

अबोली

मी फेल्गैराशच्या बूट कारखान्यांकडून माल घेणाऱ्या एका कंपनीसाठी गुणवत्ता तपासते. बायकांसाठी एक प्रश्न नेहमी येतो म्हणून लिहिते. गालाला गाल लावून दोनदा अभिवादन करतात ते ओळखीच्यांत, घरगुती वातावरणात. कामाच्या पहिल्या भेटीत हस्तांदोलन पुरतं, तेही सगळ्यांशी, खोलीत शिरताना आणि निघतानाही. तुम्हाला गाल नको असेल तर हात जरा लवकर पुढे करायचा, कोणी मनावर घेत नाही. लिस्बनजवळच्या कश्कैशच्या उच्चभ्रूंमध्ये एकच वेळा असतं म्हणे. फेल्गैराशला तसले नखरे नाहीत.

कारखान्यात पाऊल टाकलं की रिसेप्शनपासून पॅकिंगपर्यंत प्रत्येकाला ‘बों दिया’. लिफ्टमध्ये अनोळखी माणसालासुद्धा. आपण खाली मान घालून फाइल चाळत पुढे गेलो की दिवसभर त्या मजल्यावर सहकार्य मिळत नाही. आणि हो, बुटांकडे बघतात. बूट बनवणाराच देश तो. आपल्या टाचा झिजलेल्या असतील तर आदल्या दिवशी बघून घ्या.

‘नाही’ स्पष्ट ऐकू येत नाही हेही शिकावं लागतं. ‘वामुश व्हेर’ म्हणजे आपलं ‘बघू’. ‘एं प्रिंसीपियू सीं’ म्हणजे होईल, पण तारीख लिहून घेऊ नका. ‘जरा गुंतागुंतीचं आहे’ असं म्हणाले की समजा, होणार नाही. मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये.

द्राक्षबागाईतदार (नाशिक)

बुचांबद्दल. वाइनरीसाठी बुचं घेतो, ती सांता मारिया द फैरा भागातून. जगातल्या बुचाच्या सालीपैकी साधारण निम्मी पोर्तुगालची. तिथल्या सगळ्यात मोठ्या कंपनीची सुरुवात १८७० सालची, अजून त्याच घराण्याकडे.

झाडाची पहिली साल काढायला लावल्यापासून पंचवीसेक वर्षं थांबायचं, नंतर दर नऊ वर्षांनी. आणि पहिल्या दोन काढण्यांची साल खडबडीत असते, तिची बाटलीची बुचं होत नाहीत. म्हणजे चांगलं बूच हवं तर लावणारा माणूस बहुधा ते बघायला नसतोच. खोडावर पांढऱ्या रंगाने वर्षाचा शेवटचा आकडा लिहिलेला असतो, २०२३ ला सोललं तर ३, म्हणजे पुढची सोलणी २०३२ ला. परवानगीशिवाय ते झाड तोडता येत नाही. असल्या धंद्यातल्या माणसाला ‘पुढच्या तिमाहीत दहा टक्के कमी करा’ म्हटलं की तो तुमच्याकडे नुसता बघतो. भाव कमी होतो, पण तुम्ही तीन वर्षं घेणार असं पटलं तर. आमच्याकडच्या एका व्यापाऱ्याने तीन ठिकाणचे भाव एकमेकांना दाखवून खेळ केला. सगळ्यांचे कारखाने आणि गोदामं एकाच पट्ट्यात, रविवारी एकाच कॅफेत कॉफी. दुसऱ्या दिवशी तिघांकडूनही एकच भाव आला.

शुद्धशाकाहारी

माझा प्रश्न तुम्हाला हास्यास्पद वाटेल, पण मला पुढच्या महिन्यात पोर्तोला जायचंय आणि मी अंडंही खात नाही. तिथे दुपारच्या जेवणातच धंदा होतो म्हणतात, मग मी काय करायचं?

साचेबंद

शुद्धशाकाहारी, हास्यास्पद अजिबात नाही. आदल्या दिवशी मेलवर सांगा, त्यात कोणाला वाईट वाटत नाही. जागेवर बसून सांगितलं तर मात्र यजमान ओशाळतो, कारण तुम्हाला चांगलं खायला घालणं हा त्याच्या घराच्या इज्जतीचा प्रश्न असतो. ‘मांस नको’ एवढंच म्हणू नका, मासा येईल. त्यांच्या हिशेबात मासा म्हणजे मांस नव्हे. ‘मांस नाही, मासा नाही, अंडं नाही’ असं तिन्ही सांगा. काल्दू व्हेर्द हे हिरव्या पालेभाजीचं सूप साधं दिसतं, पण वर चोरिसोची (डुकराच्या मांसाच्या सॉसेजची) चकती असते. गोडात जवळपास सगळीकडे अंड्याचा पिवळा बलक, ती मठांतल्या जोगिणींची परंपरा. पण सेर्रा द इश्त्रेलाचं मेंढीचं चीज मिळालं तर नक्की घ्या, त्याचं दूध वासराच्या जठरातल्या रेनेटने नाही, एका काटेरी फुलाच्या तंतूंनी जमवतात.

आता जेवणाचं एकूण. बसल्याबरोबर टेबलावर पाव, ऑलिव्ह, चीज आपोआप येतं. ते फुकट नाही, हात लावला की बिलात. कामाच्या जेवणात बोलावणारा पैसे देतो, पाकिटासाठी झटापट करू नका, पुढच्या वेळी तुम्ही बोलवा. सूप ते मुख्य पदार्थ या वेळात घर, फुटबॉल, पाऊस, गाव. फुटबॉलमध्ये समोरचा बेन्फिका, स्पोर्टिंग की पोर्तो हे ठाऊक झाल्याशिवाय मत देऊ नका. कॉफी आली की मुद्दा. त्या छोट्या कपाला लिस्बनमध्ये ‘बीका’ म्हणतात. कॉफी येण्याआधी लॅपटॉप उघडणारा माणूस मी पाहिला आहे. यजमानाने शांतपणे वेटरला गोड काय काय आहे ते सविस्तर विचारायला घेतलं.

खवचट_खान

आमच्या साहेबांना दाखवतो हा प्रतिसाद. ते चहा येण्याआधी ‘नेक्स्ट स्लाइड’ म्हणतात.

मडगावची_पोर

गोव्याचा विषय येणारच म्हणून लिहिते. भारतीय आहे म्हटलं की पन्नाशी-साठीच्या पलीकडचा पोर्तुगीज माणूस पाचव्या मिनिटाला गोवा काढतो. कोणाचे काका १९६१ मध्ये तिथे सैनिक असतात, कोणी स्वतः मोझांबीकमध्ये वाढलेलं असतं. १९७५ च्या सुमाराला आफ्रिकेतल्या वसाहतींतून लाखो लोक परत आले, त्यांच्याबरोबर मोझांबीकचे गुजराती हिंदू आणि इस्माइलीही लिस्बनला आले. भारतीय व्यापारी त्यांना नवा नाही.

अशा वेळी मराठी पुरुषांना वसईची मोहीम आणि चिमाजीअप्पा सांगायची खुमखुमी येते. १७३९ तुमच्या अभिमानाचं, मान्य. पण जेवणाच्या टेबलावर न विचारता सांगू नका, आणि ‘आम्ही तुम्हाला हाकललं’ हे तर नकोच. १९६१ मध्ये पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारने शेवटपर्यंत लढा म्हटलं असताना गोव्याचे गव्हर्नर व्हासालू इ सिल्वा शरण आले, त्यापायी त्यांची सैन्यातून हकालपट्टी झाली आणि १९७४ च्या क्रांतीनंतरच त्यांना परत घेतलं. खुद्द पोर्तुगालमध्येच या विषयाला दोन बाजू आहेत. विचारा, ऐका. छान गप्पा होतात.

अंतोनियो कोश्ता यांचं नाव मात्र निर्धास्त काढा, निदान ओळखीसाठी. वडील ओर्लांदू द कोश्ता लेखक, वाढले मडगावात. २०१७ मध्ये पंतप्रधान म्हणून आले तेव्हा आबाद फारिया रोडवरच्या वडिलोपार्जित घरी गेले होते. घरचे त्यांना ‘बाबुश’ म्हणतात. २०२४ च्या डिसेंबरपासून ते युरोपीय परिषदेचे अध्यक्ष. फक्त एक, त्यांच्या राजकारणावर समोरच्याचं मत काय आहे ते आधी चाचपा.

तेजोकाठ

मडगावची_पोर, +१. आणि स्पेनबद्दलही. आपल्या कंपन्या ‘आयबेरिया’ म्हणून माद्रिदच्या माणसाला पोर्तुगाल सांभाळायला देतात. तो स्पॅनिश बोलत येतो. त्यांना कळतं सगळं, उत्तर इंग्रजीत देतात. १५८० ते १६४० स्पेनच्या राजाखाली होते, त्यातून सुटल्याची १ डिसेंबरची सुट्टी अजून पाळतात, आणि ‘स्पेनकडून ना वारा चांगला ना सोयरीक’ अशी म्हणच आहे. पुण्यातून भाषांतर करून घेतलेलं माहितीपत्रक बरेचदा ब्राझीलच्या वळणाचं असतं, तेही टाळा. ब्राझीलमध्ये सर्रास चालणारं ‘व्होसे’ (‘तू/तुम्ही’साठीचा शब्द) इथल्या ज्येष्ठ माणसाला टोचतं. त्यापेक्षा स्वच्छ इंग्रजी बरी. जुन्या पिढीच्या मालकाला इंग्रजीपेक्षा फ्रेंच चांगली येते, तुमच्याकडे कोणी फ्रेंच बोलणारं असेल तर न्या.

सूतकताई

दिवसांबद्दल एक राहिलंच. त्यांच्या वारांना क्रमांक आहेत. मेलमध्ये ‘२ री’ लिहिलं तर सोमवार, ‘६ वी’ म्हणजे शुक्रवार. आमच्या डिस्पॅचवाल्याने ‘६’ म्हणजे शनिवार धरून गाडी लावली होती.

नवखा_निर्यातदार

मस्त धागा. मोल्डच्या पहिल्या ट्रायलची तारीख ठरवायची आहे, ते ऑगस्टचा पहिला आठवडा म्हणतायत. घ्यावी का?

साचेबंद

घेऊ नका. ऑगस्टमध्ये बहुतेक टूलरूम दोन-तीन आठवडे बंद असतात. ‘पहिला आठवडा’ म्हणजे कामगार बॅगा भरत असताना मारलेले शॉट. त्यात काही निघालं तर दुरुस्तीला माणूस सप्टेंबरात भेटेल. जुलैच्या मध्यापर्यंत टी-वन (पहिली ट्रायल) करून घ्या, नमुने विमानाने मागवा, मापं तुमच्याकडे ऑगस्टभर तपासा. नाहीच जमलं तर सरळ सप्टेंबरचा दुसरा आठवडा धरा, पण तुमच्याकडे गणपती कधी आहेत ते आधी बघा. त्यांची माणसं मशिनवर परत आली आणि आपला तपासणारा गावी गेला, असं झालं तर पुढे दसरा-दिवाळी आहेच. जूनमध्ये १० तारखेची राष्ट्रीय सुट्टी, १३ ला लिस्बनची, २४ ला पोर्तोची. सुट्टी मंगळवारी किंवा गुरुवारी आली की मधला दिवसही जातो. आणि आगाऊ रकमेचा पहिला हप्ता पाठवायच्या आधी सर्तिदांवचा आकडा मागून घ्या, वर लिहिलाय तो.